पडद्याआडचं मन जाणणारी कॉर्नेलिया

आमच्या संत तुकाराम नगरात सध्या एका घरात वादळ उठलंय. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची लेक मानसशास्त्र घेऊन एम. ए. झाली. इथवर सगळं छान होतं. शाळेत समुपदेशक म्हणून लागेल, नाहीतर एखाद्या कंपनीत एच.आर.ला जाईल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण पोरीनं आता जाहीर केलंय की तिला फॉरेन्सिक सायकॉलॉजी करायचंय. म्हणजे कोर्ट, पोलीस, तुरुंग यांच्याशी नातं असलेलं मानसशास्त्र. वहिनींची झोप उडालीय. चांगल्या घरातली मुलगी गुन्हेगारांशी बोलत बसणार? आणि पुढं स्थळं बघताना सांगायचं तरी काय?

खरं तर हे काम टीव्हीवरच्या मालिकांत दाखवतात तसं नसतं. चेहरा बघून खुनी ओळखायचा वगैरे काही नाही. कोर्टापुढं आलेल्या माणसाच्या मनाची स्थिती नीट तपासायची आणि ती कोर्टाला समजेल अशा भाषेत सांगायची, हे मुख्य काम. गुन्हा करताना आपण काय करतोय हे आरोपीला कळत होतं का? लहान मूल साक्ष देतंय ते स्वतःचं सांगतंय की पढवलेलं? बाल न्याय कायदा २०१५ मध्ये आला. त्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाच्या हातून अघोरी गुन्हा घडला असेल, तर त्याला त्याची समज किती होती हे ठरवताना बाल न्याय मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञांची मदत घेऊ शकतं. आपल्या कौटुंबिक न्यायालयांतले विवाह समुपदेशकसुद्धा याच कामाचे जवळचे भाऊबंद. पुण्यात कौटुंबिक न्यायालय १९८९ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून हजारो बायकांनी आपलं मन न्यायाधीशांच्या आधी या समुपदेशकांपुढं मोकळं केलंय.

वहिनींना समजवायला गेले आणि मला आठवली ती कॉर्नेलिया सोराबजी. ती मानसशास्त्रज्ञ नव्हती, वकील होती. वकीलसुद्धा अशी की निम्मं आयुष्य तिला कुणी वकील म्हणायलाच तयार नव्हतं! पण बाईच्या मनात काय आहे ते कायद्यापर्यंत पोचवायचं, हे काम तिनं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केलं. आणि ती काही परकी नव्हे. जन्म नाशिकचा, लहानपण बेळगाव आणि पुण्यातलं.

१५ नोव्हेंबर १८६६ हा तिचा जन्मदिवस. वडील सोराबजी खरशेदजी मूळचे पारशी. तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि मिशनचं काम करू लागले. आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज दांपत्यानं दत्तक घेऊन वाढवलं होतं. या आईनं पुण्यात शाळा काढल्या. घरात मुली बऱ्याच आणि प्रत्येकीनं काहीतरी करून दाखवायचं हा आईचा जणू दंडकच होता. पुण्यातली सेंट हेलेना शाळा अनेकींना माहीत असेल, ती कॉर्नेलियाची बहीण सुझी हिनं काढलेली. दुसरी बहीण अॅलिस डॉक्टर झाली.

आईकडं अडलेल्या नडलेल्या बायका यायच्या. कॉर्नेलिया लहान असताना एक सधन गुजराती बाई आली. तिनं आपल्या कारभाऱ्यावर विश्वास ठेवून कागदावर सही केली होती आणि त्या सहीनं तिची मालमत्ताच गेली होती. कागदात काय लिहिलंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. कोर्टात जावं तर वकील सगळे पुरुष. परपुरुषासमोर ती येणार कशी? ती गेल्यावर आईनं लेकीच्या मनात घातलं की अशा बायकांना मदत करायची तर कायदा शिकायला हवा. कॉर्नेलियानं पुढं आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला. माझ्या मते तिच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या प्रसंगात आहे. सही तर बाईचीच होती. पण त्या सहीमागं तिचं मन होतं का, तिला समजलं होतं का? हा प्रश्न कॉर्नेलियाला पुढं जन्मभर पुरला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ती शिकायला गेली. वर्गात पोरांचा घोळका. ती आलेली दिसली की काही जण वर्गाचं दार तिच्या तोंडावर लावून घ्यायचे. ती दार उघडून आत जायची. शेवटच्या परीक्षेत ती इलाख्यात पहिली आली. मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पहिल्या येणाऱ्याला विलायतेत शिकायला सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. ती तिला नाकारली, कारण ती बाई! तिनं कपाळाला हात लावला नाही. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायला गेली. वय बाविशीच्या आतबाहेर, आणि समोर बसलेले सगळे पुरुष विद्यार्थी.

याच काळात मुंबईच्या हायकोर्टात रखमाबाईचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेलं लग्न मोठेपणी मान्य नाही, असं एक बाई कोर्टात सांगत होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला आणि १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशानं नवऱ्याकडं जा नाहीतर तुरुंगात जा असं सुनावलं. बाईच्या इच्छेला कोर्टात किंमत किती, हा प्रश्न तेव्हा असा घरोघरी चघळला जात होता. कॉर्नेलिया याच हवेत वाढली.

इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांनी वर्गणी काढली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली. साडी नेसून. तिथं कायदा शिकणारी ती पहिली बाई. १८९२ मध्ये बी.सी.एल. ही कायद्याची अवघड परीक्षा द्यायची वेळ आली तेव्हा बाईची परीक्षा घ्यायची की नाही यावरच खल सुरू झाला. विद्यापीठानं तिच्यासाठी खास ठराव केला, मगच तिला बसता आलं. परीक्षा पास झाली, पण पदवी हातात पडली नाही. ऑक्सफर्डनं बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडलं. कॉर्नेलियाला तिची पदवी १९२२ मध्ये मिळाली, परीक्षेनंतर तब्बल तीस वर्षांनी. आपल्याकडं गुणपत्रिका उशिरा आली तर आपण किती आरडाओरडा करतो!

परत आल्यावरची तऱ्हा आणखी वेगळी. ज्ञान आहे, पण सनद नाही. काठेवाड, इंदूर अशा संस्थानी भागांत तिला बायकांच्या वतीनं अर्ज करता यायचे. इंग्रजी अमलातल्या कोर्टात मात्र तिला वकील म्हणून स्थान नव्हतं. तरी तिनं एक फट शोधली. तेव्हाच्या फौजदारी कायद्यात कोर्टानं परवानगी दिली तर सनद नसलेल्या माणसालाही आरोपीसाठी उभं राहता येई. त्या आधारावर १८९६ मध्ये पुण्यात, खुनाचा आरोप असलेल्या एका बाईच्या बचावासाठी ती कोर्टात उभी राहिली. आज संत तुकाराम नगरला मेट्रोत बसलं की थेट जिल्हा न्यायालय स्टेशनला उतरता येतं. काळे कोट घातलेल्या कितीतरी मुली जिन्यावरून घाईनं जाताना दिसतात. कॉर्नेलियाच्या वेळी त्या पुण्यात वकील बाई म्हणून ती एकटीच होती, आणि तीही परवानगीपुरती.

संस्थानातल्या एका केसची गंमत ती नेहमी सांगे. एका हत्तीच्या पोटापाण्यासाठी एका बागेचं उत्पन्न लावून दिलं होतं. पुढच्या राजानं ते बंद केलं. कॉर्नेलिया पुस्तकं पालथी घालून, मुद्दे काढून गेली. न्याय करणार खुद्द राजा, तोही झोपाळ्यावर बसून. राजानं निकाल तिच्या बाजूनं दिला. कारण काय, तर त्याच्या कुत्र्याला ती आवडली होती! साक्षीदाराचं आणि आरोपीचं मन तपासायला हवं हे आपण मान्य करतो. पण न्याय देणाऱ्याचं मन कुठल्या दोरीनं हलतं हेही बघावं लागतं, हा धडा तिला असा मिळाला.

१८९७ मध्ये तिनं मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. एवढं करूनही दार बंद ते बंदच. तिचा भाऊ डिक बॅरिस्टर झाला आणि अलाहाबादला वकिली करू लागला. एकाच घरातली भावंडं, त्याला काळा कोट आणि तिला नकार. तिनं किती रात्री तळमळत काढल्या असतील!

मग तिनं वेगळाच मार्ग धरला. कोर्ट मला आत घेत नसेल तर मी पडद्याआडच्या बायकांकडं जाते. सरकारकडं ती वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली की अशा बायकांसाठी एक कायदेतज्ज्ञ बाई नेमा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची नेमणूक झाली. नावात कोर्ट असलं तरी ते महसुलाचं खातं. जमीनदार वारला आणि वारस अज्ञान असला किंवा बाई असली, की सरकार ती इस्टेट ताब्यात घेऊन सांभाळायचं. पुढं बंगालबरोबर बिहार, ओरिसा आणि आसामातही तिचं काम पसरलं.

या कामात कायद्याचा एक बारकावा समजून घ्यायला हवा. पडदानशीन बाई कोर्टात यायची नाही. तिची साक्ष घ्यायला माणूस घरी जायचा. बाई पडद्याआड, हा बाहेर. आतून जो आवाज येई तो त्याच बाईचा की नणंदेचा की दासीचा, हेसुद्धा सांगता यायचं नाही. उत्तर तिचं स्वतःचं की कानाशी बसलेल्या दिराचं, ते तर देवालाच ठाऊक! म्हणून कोर्टांनी एक नियम घालून दिला होता. पडदानशीन बाईकडून कुणी कागद करून घेतला तर त्यातला मजकूर तिला नीट समजला होता, हे कागद करून घेणाऱ्यानंच सिद्ध करायचं. नुसता अंगठा दाखवून भागायचं नाही. नियम फार शहाणपणाचा होता. पण तिला समजलंय का हे बघणार कोण? त्यासाठी पडद्याच्या आत जाऊ शकणारं माणूस हवं होतं. कॉर्नेलिया ते माणूस झाली.

पालखीतून, होडीतून, आगगाडीतून, कधी हत्तीवरून ती फिरायची. गेल्या गेल्या कागद काढायची नाही. आधी बसायची. मुलांची चौकशी, देवघर, दुखणंखुपणं. सासू एका दालनात आणि विधवा सून दुसऱ्यात, दोघी वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, मध्ये नोकरचाकर चुगल्या करतायत, अशी घरं. एकुलता एक लहान वारस असला तर त्याच्या आईला रात्रंदिवस विषाची धास्ती, कारण मूल गेलं की इस्टेट भाऊबंदांकडं जायची. ही भीती खोटी कल्पना आहे की तिला खरंच कारण आहे, हे कॉर्नेलियाला त्या घरात बसून, माणसं पारखून ठरवावं लागे. शाप, नवससायास, साधूंचे अंगारे यावर तिचा विश्वास नव्हता. पण ती त्यांची टिंगल करायची नाही. बाईला कशाची भीती वाटते हे कळल्याशिवाय बाईला काय हवंय ते कळत नाही, हे तिला उमगलं होतं. आजच्या अभ्यासक्रमात याला मोठमोठी नावं आहेत. तिच्याकडं आईकडून आलेलं शहाणपण आणि कायद्याचं पुस्तक, एवढंच होतं.

जवळजवळ वीस वर्षांत सुमारे सहाशे बायका-मुलांना तिनं मदत केली असं सांगतात. कुणाला पोटगी मिळवून दिली, कुणाच्या मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था लावली, कुठं भांडण कोर्टात जायच्या आधीच मिटवलं. १९०९ मध्ये सरकारनं तिला कैसर-ए-हिंद पदक दिलं.

पण इथंच तिची खरी कोंडी होती, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती नेमकी कुणाची? पगार सरकारचा. खात्याला हवी इस्टेट सुरळीत आणि महसूल वेळेवर. बाईला हवं आपलं मूल जवळ आणि चाव्या आपल्या हातात. बाई विश्वासानं मन मोकळं करते, आणि ऐकणारी मात्र अहवाल लिहिणार सरकारला! गोरे अधिकारी तिच्यावर नाराज, कारण ती बायकांच्या बाजूनं फार बोलते, आपल्या अधिकाराबाहेर जाते. काही घरांना वाटायचं ही सरकारची माणूस. आज फॉरेन्सिक सायकॉलॉजीत गेलेल्या मुलीपुढंही हाच पेच असतो. समोरचा रडून सांगतोय त्याची ती डॉक्टर नव्हे, तिचा अहवाल कोर्टाला जाणार, आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगणं तिचं कर्तव्य असतं. कॉर्नेलियाच्या वेळी असे नियम कुणी घालून दिले नव्हते. ती आपल्या मनाला विचारून वागली. काही वेळा चुकलीही असेल.

आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. तिचं इंग्रजी राज्यावर प्रेम होतं. स्वातंत्र्य चळवळ तिला पटली नाही, गांधीजींवर ती टीका करत राहिली. आधी शिक्षण, मग सुधारणा, असा तिचा हेका. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो या अमेरिकन बाईनं हिंदुस्थानची बदनामी करणारं ‘मदर इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, तेव्हा सारा देश खवळलेला असताना कॉर्नेलियानं मेयोची बाजू घेतली. त्यानं तिचे कितीतरी स्नेही दुरावले. बंद दालनातल्या एकेका बाईचं दुःख जिला इतकं बारकाईनं दिसलं, तिला रस्त्यावर उतरलेल्या हजारो बायकांचं मन का वाचता आलं नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आपल्याकडं तिचं नाव मागं पडलं त्याचं हे एक कारण असावं.

दार शेवटी उघडलं, पण फार उशिरा. १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं तिला वकील म्हणून नोंदवून घेतलं. १९२३ मध्ये कायदाच झाला की बाई आहे म्हणून कुणाला वकिलीची बंदी नाही. कॉर्नेलिया कलकत्त्याच्या हायकोर्टात दाखल झाली तेव्हा साठीकडं झुकली होती. तिथंही पुरुष वकिलांचं वातावरण असं की तिच्या वाट्याला कोर्टात बोलण्यापेक्षा कागदावर सल्ला लिहून देण्याचंच काम जास्त आलं. १९२९ मध्ये ती निवृत्त झाली आणि लंडनला गेली. १९३४ मध्ये ‘इंडिया कॉलिंग’ हे आठवणींचं पुस्तक आलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असतानाही ती तिथंच राहिली. नजर क्षीण होत गेली. ६ जुलै १९५४ रोजी ती गेली. लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत २०१२ मध्ये तिचा अर्धपुतळा बसवला गेला.

हे सगळं मी वहिनींना एका दुपारी, शेंगा निवडता निवडता सांगितलं. त्या मन लावून ऐकत होत्या. सासू-सुनेच्या दोन दालनांशी आल्यावर तर त्यांचे हात थांबले. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तिचं लग्न झालं होतं का. नाही, कॉर्नेलियानं लग्न केलं नाही. वहिनींनी सुस्कारा सोडला आणि पुन्हा शेंगा हातात घेतल्या. आतल्या खोलीत लेक कॉम्प्युटरवर प्रवेशाचा फॉर्म भरत होती. थोड्या वेळानं तिनं आतूनच विचारलं, की आईनं दहावीची मूळ गुणपत्रिका कुठं ठेवलीय. वहिनी उठल्या, पदराला हात पुसले आणि कपाटाची किल्ली शोधायला लागल्या.